तिसरी बाटली

माझ्या सासऱ्यांबद्दल गावात कुणालाही विचारा. तो सांगेल, नाथाजी हवालदार म्हणजे लय शिस्तीचा माणूस, पण म्हातारपणी एकदा चुकला. हे 'एकदा चुकला' कानावर आलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. मामंजी जिवंत होते तोवर त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. आता ते गेले. आता मला कोण अडवतंय?

आमचं गाव कडेगावापासून तीन मैलांवर. मामंजी पहिल्या महायुद्धात पार इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. पलटणीत ते आरमोरर होते, म्हणजे सगळ्या पलटणीच्या बंदुका नीट राखायचं काम त्यांच्याकडं. पेन्शनीत आले तरी हात काही स्वस्थ बसेनात. आमच्याकडं उसात रानडुकरं फार, त्यामुळं दोन-चार गावांत मिळून एखाद्या बागायतदाराकडं लायसनची बंदूक असायची. ती साफ करायला सगळे आमच्या अंगणात. मामंजी कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. त्यांना फक्त समोरच्याला चार शिव्या द्यायची मोकळीक पाहिजे असायची, ती भरपूर मिळायची.

मी त्यांची एकुलती एक सून, रंगूबाई. माझा नवरा कृष्णात बेचाळीस साली भरती होऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात मी आणि मामंजी, दोघंच. आणि दोघंही तोंडाळ. दिवसातून एकदा तरी वाजल्याशिवाय आम्हाला जेवण जात नसे.

भांडणाचं एक ठरलेलं कारण म्हणजे त्यांच्या बाटल्या. कोनाड्यात तीन बाटल्या ओळीनं. पहिलीत रॉकेल, दुसरीत पिवळं जाड ग्रीस, तिसरीत पाण्यासारखं पातळ तेल. शिलाई मशिनीला घालतात ते. सांगलीहून यायचं, आणि लढाईच्या दिवसांत तेही मिळेनासं झालेलं. त्या कोनाड्याला मी हात लावायचा नाही, झटकायचं नाही, काही नाही. देवघरापेक्षा सोवळं कडक.

बंदूक आली की आधी चुलीवर आधण. नरसाळं लावून नळीतनं उकळतं पाणी सोडायचे. नवखा माणूस हे बघून हबकायचाच. लोखंडात पाणी? गंजंल की! मग मामंजी त्याला विचारायचे, भाजीत मीठ जास्त झालं तर तेल वाढवतोस का पाणी? उडालेल्या दारूचा खार नळीत बसतो, तो तेलानं जन्मात निघत नाही, पाण्यानंच निघतो. पाण्यानंतर नळी खडखडीत वाळवायची. मग रॉकेलच्या चिंधीनं काजळी काढायची. मग बाहेरनं ग्रीसचा हात, तोही फडक्यानं पुसून घेऊन, नुसता वास उरेल एवढा. आणि शेवटी घोड्याच्या आतल्या कळेला तिसऱ्या बाटलीतलं तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर जो फाडकन पडून तोट्याला, म्हणजे काडतुसाला, ठोका देतो तो.

आणि खायचं तेल? नाव काढायचं नाही. कुणी खोबरेल चोपडून आणायचा, कुणी तूप. मामंजी बंदूक हुंगायचे आणि भडकायचे. म्हणायचे, ही बंदूक हाय का बाळंतीण हाय? त्यांचं एकच पालुपद, खायचं तेल आधी गोड वागतं आणि मागनं चिकटतं. मला हे काही पटायचं नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला काहीतरी सोंग पाहिजे.

चव्वेचाळीस सालचं नवरात्र. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, म्हणून त्याआधी आठ दिवस आमच्या अंगणात बंदुकांची जत्रा. त्या साली अकरा आल्या. दहा आसपासच्या आणि एक पार पाटणकडच्या डोंगरातली. नवमीच्या आधी दोन दिवस मामंजी दाढी करायला म्हणून चावडीकडं गेले आणि मी तेवढ्यात सारवण काढलं. तिसरी बाटली त्यांनी भिंतीला टेकवून खालीच ठेवलेली. मी शेणाचा हात फिरवत मागं सरले आणि टाच लागली. बाटली आडवी. उचलेपर्यंत अर्ध्यावर तेल शेणात जिरलं.

मी घाबरले असं म्हणणार नाही. मला राग आला. आता हा माणूस आठ दिवस माझ्या डोक्यावर बसणार, म्हणून राग. सांगलीला तेल नाही, मोटारीचा भरवसा नाही, आणि अंगणात तेल घालायच्या राहिलेल्या अकरा बंदुका. मग माझ्या डोक्यात काय आलं सांगू? माझ्या माहेरची करडई. आमच्याच रानातली, घाण्यावर माझ्या समोर काढलेली, इतकी नितळ की वाटीचा तळ दिसावा. त्या तेलानं आमच्या घरातली पोरं मोठी झाली. म्हटलं, माणसाच्या पोटाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? लोखंड काय माणसापेक्षा नाजूक? करडईचं तेल ओतलं. जरा जाड वाटलं, म्हणून माझ्या वाटणीच्या रॉकेलमधलं थोडं घालून पातळ केलं. वासही रॉकेलचाच आला. बाटली पुसून होती तिथं ठेवली.

मामंजी आले, बसले, सुई बुडवली, कामाला लागले. हुंगलं सुद्धा नाही. आपल्याच घरातली, आपल्याच हातातली बाटली कोण हुंगतो? मी चुलीपाशी पदराआड हसत होते. बघा, म्हटलं, मोठा आरमोरर, ओळखलं बी नाही. ते हसू आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खंडेनवमी झाली. बंदुकांना हळदकुंकू वाहून लोकांनी त्या पुन्हा खुंट्यांना टांगल्या. दिवाळी गेली. कुणाची काही तक्रार नाही.

पौषात भाऊसोंच्या मळ्यात ऊसतोड लागली. भाऊसो म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीचे बागायतदार, कृष्णातचे बालमित्र, माझ्या पाठच्या भावासारखे. ऊस तोडत तोडत शेवटचा लहानसा तुकडा राहिला की डुकरं सगळी त्यातच दबून बसतात, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. म्हणून भाऊसो बांधावर बंदूक घेऊन उभे होते. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. ऊन चांगलं पसरलेलं.

मी तिथं होते. भाऊसोंच्या बायकोनं, धोंडुबाईनं, वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, न्यायला बोलावलं होतं, म्हणून डोक्यावर चुंबळ घालून बांधाच्या अलीकडं उभी होते. पाचटात खसखस झाली आणि एक दाताळ नर बाहेर पडला, सरळ भाऊसोंच्या अंगावर. भाऊसोंनी बंदूक खांद्याला लावली. अगदी शांतपणे. दहा-बारा पावलांवर डुक्कर, चुकायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चाप ओढला.

आणि घोडा पडलाच नाही. म्हणजे पडला, पण कसा? झोपेतनं उठलेल्या माणसानं हात टेकावा तसा. बार झाला नाही. भाऊसोंनी खाली बंदुकीकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं ते नवल मला अजून दिसतं. भीती नव्हती हो, नवल होतं. तेवढ्यात डुकरानं त्यांना धरलं.

मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. धोंडुबाई ओरडली नाही. तिनं आपलं लुगडं फाडून बांधलं. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. चुंबळ डोक्यावर तशीच. गड्यांनी त्यांना बैलगाडीत घातलं, कडेगावाहून कोळशावर चालणारी मोटार धरली आणि सांगलीच्या दवाखान्यात नेलं. बंदूक बांधावर पडली होती ती एका गड्यानं आमच्याकडं आणून टाकली.

मामंजी अंगणात बसले. कळ खोलली. मी सोप्याच्या दारात. आत सगळं तपकिरी. लाखेसारखं काहीतरी कमानीला आणि घोड्याच्या खुंटीला धरून बसलेलं. मामंजींनी नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, हुंगलं. वास यायला ते काही ताजं नव्हतं. मग त्यांनी चिमट्याचं टोक चुलीत लाल केलं आणि तो कण त्यावर ठेवला.

घरभर तळणीचा वास सुटला. दिवाळीत करंज्या तळाव्यात तसा, माझ्या कढईचा, माझ्या माहेरचा. असं व्हावं म्हणून मी केलं नव्हतं, हे देवाशपथ खरं, पण केलं मीच होतं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं नाही. कोनाड्याकडं बघितलं. उठले, तिसरी बाटली उतरवली, उजेडात धरली.

मग रॉकेलची चिंधी घेऊन तो चिकटा काढायला बसले. निघेना. घासघास घासलं, नुसतं पसरत होतं. मला राहवेना. तोंडातनं निघून गेलं, "मामंजी, धुन्याचा सोडा टाकून उकळा. कढईच्या बुडाचा चिकटा बी रॉकेलनं न्हाई निघत, सोड्यानं निघतो."

त्यांचा हात थांबला. "कढईचा?" एवढंच विचारलं.

"व्हय."

त्यांना कळलं होतं आणि मला त्यांना कळल्याचं कळलं होतं. आता फुटतील, म्हटलं. आता चार पिढ्या उद्धरतील, आणि उद्धरल्या तर बरंच. पण म्हातारा नुसता म्हणाला, "पानी ठेव."

सोड्याच्या पाण्यात तो चिकटा मेणासारखा सुटला. मग ते सगळं पुन्हा साध्या उकळत्या पाण्यात धुतलं, वाळवलं, आणि मामंजींनी मला पहिल्यांदा नीट विचारलं. किती दिवसांपूर्वी? मी सांगितलं, नवमीच्या आधी दोन दिवस. त्यांनी बोटं मोजली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते काय मोजतायत. अकरातली एक इथं होती. दहा बंदुका अजून लोकांच्या भिंतींना टांगलेल्या, आणि सगळीकडं ऊसतोड चाललेली.

त्या दिवसापासून पंधरा दिवस पासष्ट वर्षांचा म्हातारा पायी हिंडला. दारात जायचा आणि सांगायचा, माझ्या तेलात खोट व्हती, बंदूक द्या, साफ करून आणून देतो. एकानं तोंडावर दार लावलं. एकानं विचारलं, हवालदार, दारू प्यायला लागलासा काय? पाटणकडच्या बंदुकीसाठी दोन दिवस चालला, दोन दिवस परत. दहाच्या दहा आणल्या. मी सोड्याचं पाणी उकळत बसले. चार बंदुकांचे घोडे असेच आळसावलेले निघाले. चार! मी प्रत्येक वेळी म्हणायचे, मामंजी, मी सांगते लोकांना. ते म्हणायचे, आधी पानी उकळ.

सगळ्या बंदुका पोचत्या झाल्यावर ते सांगलीला निघाले, भाऊसोंना भेटायला. मीही भाकऱ्या बांधून घेऊन गेले. आम्ही पोचलो तर भाऊसोंचा पाय काढलेला. जखम सडली होती, जांघेजवळनं कापला. पांघरूण एका बाजूला सपाट. मी बघितलं आणि माझ्या हातातलं भाकरीचं फडकं खाली पडलं.

मामंजी खाटेपाशी पलटणीत उभं राहतात तसे उभे राहिले आणि सांगितलं, घोडा माझ्या तेलानं अडकला. भाऊसो डोळे मिटून पडले होते. बोलली धोंडुबाई. ती शिव्या देणारी बाई नव्हे. पण ती मामंजींच्या अंगावर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमचा बी ल्योक बंदुकीच्या जिवावर उभा हाय तिकडं. त्याची बंदूक बी तुमच्यासारखाच कोन तरी पुसत असंल."

काय बोलली ही बाई! मामंजींनी मान खाली घातली. ते वाक्य होतं माझ्यासाठी आणि पडलं त्यांच्यावर. मी तोंड उघडलं, "धोंडुवैनी, ते तेल—" आणि मामंजींनी माझं मनगट असं आवळलं की चार दिवस वळ राहिले. मला व्हरांड्यात ओढून आणलं. म्हणाले, "बंदूक शेवटी कुनाच्या हातातनं गेली? माझ्या. शेवटचा हात ज्याचा त्यानं बघायचं असतं. मी हुंगलं न्हाई. आता तू मधी बोलायचं न्हाईस."

कसला हा न्याय? मी रडले, भांडले, तिथल्या लोकांना तमाशा झाला. म्हातारा हलला नाही.

पुढं फौजदार आला. माणूस बंदुकीपायी जखमी झाला म्हणजे कागद झालाच पाहिजे. मामंजींनी लिहून दिलं की चूक माझी, यापुढं मी कुणाच्या बंदुकीला हात लावणार नाही. सही केली. पलटणीतनं आणलेली हत्यारांची पेटी फौजदारानं गाडीत टाकली. सव्वीस वर्षांची पेटी. मामंजी फाटकापर्यंत तिच्यामागं गेले आणि परत येऊन कोनाड्यासमोर बसले. तीन बाटल्या मात्र राहिल्या, कारण बाटल्या कुणाला हत्यार वाटल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात भांडण बंद झालं. ते शांतपण मला सहन होत नसे. मी मुद्दाम भाजी खारट करायचे, ते निमूट खायचे.

चैत्रात एका सकाळी भाऊसोंची गाडी आमच्या अंगणात आली. त्यांच्या गड्यानं, अर्जुनानं, त्यांना उतरवलं आणि बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडं गेला. भाऊसो कुबडीवर उभे. दुसऱ्या हातात तीच बंदूक. पाय गेल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेर पडले होते आणि पहिले आले ते आमच्याकडं. मामंजींना म्हणाले, तात्या, पावसाळा येतोय, हिची देखभाल करा.

मामंजींनी दोन्ही हात काखेत घातले. म्हणाले, सही केलीय, आता माझा हात लागायचा न्हाई. भाऊसो म्हणाले, मग कुनाकडं जाऊ? तुमच्याबिगर कोन हाय?

मला त्यांच्या पायाच्या जागी लोंबणारं धोतर दिसत होतं. मामंजी माझ्याकडं बघत होते, डोळ्यांनी दरडावत. दरडावू दे. मी पुढं झाले.

"भाऊसो, तेल मी घातलं व्हतं. मामंजींची बाटली माझ्या टाचंनं सांडली, मी त्यात करडईचं वतलं. त्येन्ला ठावं नव्हतं."

मला वाटलं कुबडी डोक्यात बसेल. बसली असती तर मी हललेही नसते. भाऊसो माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या तोंडावर पुन्हा तेच नवल. बांधावर होतं ते. मग ते कट्ट्यावर बसले, कुबडी बाजूला ठेवली आणि बंदूक माझ्या हातात दिली. जड होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरली.

"मग आता तूच पूस," म्हणाले.

मामंजी म्हणाले, ती बाईमानूस, तिला काय कळतंय? भाऊसो म्हणाले, तिच्याइतकं आता कुनालाच कळायचं न्हाई.

मी आधण ठेवलं. नरसाळं लावलं. मामंजी काखेत हात घालून शेजारी उकिडवे बसले आणि तोंडानं सांगत राहिले, आणि मधेच, किती महिन्यांनी, मला पहिली शिवी घातली, चिंधी ओली आहे म्हणून. मला रडू फुटलं. तिसऱ्या बाटलीत नवं तेल होतं, मामंजींनी कधी आणून ठेवलं होतं कोण जाणे. मी आधी हुंगलं. मग काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकला आणि तो तुकडा खिडकीत ठेवला. म्हटलं, भाऊसो, बंदूक आठ दिवसांनी न्या. आठ दिवसांत हा थेंब चिकटला न्हाई तर मगच हे तेल घालीन. मामंजींनी तो तुकडा उन्हात जरा पुढं सरकवला.

आठ दिवसांत थेंब चिकटला नाही, मग मी तेल घातलं. भाऊसो आले. रिकामा घोडा पाडून बघितला. खट्ट वाजलं. ते मान हलवून गेले, आणि त्यांनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. धोंडुबाईला सुद्धा नाही. मी सांगते म्हटलं तर मामंजी म्हणायचे, फौजदारापुढं सही केलीय ती खोटी पाडायची न्हाई. धोंडुबाई शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी मात्र गोड बोलायची. ते मी कसं गिळलं माझं मला ठाऊक.

शेहेचाळीस साली कृष्णात परत आला. कडेगावच्या मोटारीतनं उतरला तो दोन्ही पायांवर. घ्यायला भाऊसो आले होते, कुबडीवर. दोघं मित्र गळ्यात पडले आणि मी त्यांच्या तीन पायांकडं बघत उभी राहिले. कृष्णातनं विचारलं, पायाला काय झालं रं? भाऊसो म्हणाले, डुक्कर.

घरी येऊन त्यानं पाय धुतले. जेवायला बसला. मी किती दिवस मनात धरून ठेवलेलं विचारलं. तिकडं तुमची बंदूक कोण बघायचं?

तो हसला. "आमच्या कंपनीचा आरमोरर. लय खवट म्हातारा. रोज हुंगायचा आन शिव्या द्यायचा. का गं?"

मी त्याचं नाव विचारलं. कृष्णातला ते ठाऊक नव्हतं.